अकरा वाजता गप्प होणारा प्रिंटर

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून नोंदी ठेवते. सहा आठवड्यांनी मला जाब विचारला जाईल, तेव्हा आठवणीवर विसंबून चालणार नाही.

सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच लॅबमध्ये एकटी होते. नऊ कॉम्प्युटरपैकी आठ मशीनवर विंडोज काढून लिनक्स बसवलं. नववं मशीन रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं आहे आणि त्या यंत्राचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नाही. तिथे हट्ट केला नाही. ते विंडोजवरच ठेवलं, इंटरनेटपासून तोडलं आणि त्याचं एक फोल्डर बाकीच्यांना दिसेल असं केलं.

आमची मशीनं नऊ वर्षांची आहेत. नवं विंडोज त्यांच्यावर चालत नाही आणि जुन्याला कुणी ठिगळ लावणार नाही. म्हणजे एक तर सगळी मशीनं नवी घ्यायची आणि देखभाल बाहेरच्या कंपनीकडे द्यायची, नाहीतर आहेत त्यांच्यावर लिनक्स. दुसरं मी सुचवलं. लॅब ज्यांची आहे त्या डॉक्टर मॅडमनी ऐकून घेतलं आणि पंधरा मार्चपर्यंत मुदत दिली. त्या दिवशी बघू, म्हणाल्या. जमलं नाही तर कंपनी येईल. कंपनी आली की माझ्या, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारीच्या, जागेला काम उरत नाही. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला दोन अधिक दोन करता येतात.

जाळ्याचं काम सगळ्यात मनासारखं झालं. जाळ्यावरच्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक लागतो, तो तिचा पत्ता. आतापर्यंत राउटर हे पत्ते मनाला येईल तसे वाटायचा, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कुणाला प्रिंटर सापडायचा नाही. मी सगळ्यांना कायमचे पत्ते दिले. मशीनं अकरा ते एकोणीस, प्रिंटर एक्कावन्न आणि बावन्न. नव्याण्णवपर्यंतचे पत्ते लॅबचे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनसाठी राउटरने शंभरापासून पुढचे वाटायचे.

कामांची यादी छत्तीस कलमांची होती. शेवटचं कलम म्हणजे राउटरला ही शंभराची मर्यादा सांगणं, दोन मिनिटांचं. त्यावर टिक करत होते तेवढ्यात आईचा फोन आला की किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, ती जिन्यात बसली आहे. निघाले.

छत्तीसपैकी छत्तीस. अशी यादी मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सात वाजता उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग होती. मशीन सुरू व्हायला पूर्वी साडेतीन मिनिटं लागत. आज बावीस सेकंद. घड्याळ लावून मोजलं.

काउंटरवरच्या काकू एकोणीस वर्षं तिथेच बसतात. त्यांनी एक वाजेपर्यंत चौदा प्रश्न विचारले. खालच्या कोपऱ्यातलं बटण कुठे गेलं, फाईल ‘माझ्या जागेवर’ का नाही, चौकट बंद करायची फुली उजवीकडेच आहे ना. प्रत्येक उत्तर त्या वहीत लिहून घेत होत्या. बदलाला विरोध करण्याची ही एक पद्धत असते. समोरच्याला प्रश्नांनी दमवायचं.

तात्या इथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. खरं तर ते कुणाचेच तात्या नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात. त्यांनी मशीनकडे हात जोडून पाहिलं आणि म्हणाले, “नवी सून आहे. नऊ दिवस कौतुक, मग बघू भांडी कशी घासते.”

मी पुढच्या मशीनकडे वळले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिली खरी अडचण. रिपोर्टचा मजकूर एका पानात मावेना, मॅडमची सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊ लागली. जुन्या रिपोर्टमधलं अक्षरांचं वळण, म्हणजे फॉन्ट, लिनक्सवर नव्हतं. त्याच्या जागी आलेलं अंगाने थोडं रुंद होतं. तितक्याच मापाचं दुसरं बसवलं. पंचवीस मिनिटं.

काकूंचा मराठी कीबोर्डही वेगळा लागला होता. ‘क्ष’ शोधायला त्यांना दोन बोटं आणि एक सुस्कारा लागत होता. त्यांच्या सवयीची मांडणी बसवून दिली. म्हणाल्या, “आता बोटं माहेरी आली माझी.” नोंदवून ठेवते, एवढंच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गेल्या वर्षी याच आठवड्यात, सकाळी सव्वासातला, तीन मशीनवर एकदम ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ आलं होतं आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती. काल मी आठही मशीनांचे अपडेट दुपारी पेशंट नसताना, एका जागी बसून, एकेक आज्ञा टाइप करून केले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या कामात याहून मोठी पावती नसते.

मॅडम जाता जाता म्हणाल्या, “बरं चाललंय.” दोन शब्द. वेळ एक वाजून चार मिनिटं.

आई म्हणते मी घरात बोलते त्यापेक्षा त्या मशीनांशी जास्त बोलते. मशीनांशी मी टाइप करते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची मोजदाद: पहिला दिवस एकोणतीस, पहिला आठवडा सरासरी अकरा, दुसरा चार, या आठवड्यात शून्य. याचा अर्थ लोकांना लिनक्स समजलं. मी बनवलेल्या मांडणीत समजायला अवघड असं काही नव्हतंच.

एक गोष्ट मात्र मॅडमच्या कानावर घालावी का या विचारात आहे. काउंटरवर गप्पा वाढल्या आहेत. जेव्हा बघावं तेव्हा रक्त घेणाऱ्या दोघी नाहीतर तात्या काकूंच्या मशीनवर वाकून उभे असतात. मी दिसले की पांगतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मॅडमनी नवा टॅब आणला. वायफाय मीच जोडून दिलं. रिपोर्ट टेबलावरून न उठता दिसतो म्हणून त्यांना आनंद झाला, तो त्यांनी लपवला नाही.

साडेअकराच्या सुमारास काउंटरचा प्रिंटर थांबला. कागद होता, शाई होती, दिवा हिरवा होता. मशीनवर एकच ओळ, प्रिंटर सापडत नाही. एक वाजून पाच मिनिटांनी, कुणी हात न लावता, त्याने अडकलेले तेवीस रिपोर्ट एका दमात बाहेर टाकले. तात्या म्हणाले, “ओकारी झाली बिचाऱ्याला.”

बुधवार, २६ फेब्रुवारी

तिसरा दिवस. अकराच्या पुढेमागे थांबतो, एकनंतर सुरू होतो. संध्याकाळी पाच ते सात परत तेच. केबल बदलली. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम काढून परत बसवला. मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदींच्या फाईल ओळीनओळ वाचल्या. जाळं तपासण्याचं कारण नव्हतं. ते मी स्वतः मांडलं आहे.

काकू म्हणाल्या, “एक सांगू का, रागावू नकोस. मॅडम आल्या की प्रिंटर गप्प होतो. गप्प तर मीही होते, पण मला नोकरीची काळजी आहे. त्याला कसली?”

सगळे हसले. मी त्यांना सांगितलं की दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्या म्हणाल्या, “ते खरंच गं,” आणि काहीतरी लिहून घेतलं.

शनिवार, १ मार्च

मॅडमनी कंपनीचा माणूस बोलावला होता. टाय लावून आला. तात्यांनी दोन मिनिटांत त्याचं नाव टायवाले जावई ठेवलं. प्रिंटरकडे न बघताच तो म्हणाला की लिनक्स आणि प्रिंटर यांची पत्रिका जुळत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे, आज दुरुस्त झालं तरी परत होणार. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की कारण सापडेल. कधी, हे त्यांनी विचारलं. माझ्याकडे तारीख नव्हती. तारीख नसताना मी बोलत नाही, म्हणून गप्प राहिले. जावयाला ते आवडलं असावं.

मंगळवार, ४ मार्च

काल दिवसभर प्रिंटर नीट चालला. आज परत बंद.

एका आजोबांना दुपारी ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं, रिपोर्ट अकरा वीसला तयार. आत प्रिंटर गप्प. दुसरा प्रिंटर फक्त बाटल्यांवरची लेबलं छापतो. पेन ड्राइव्ह घेऊन बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाले तर ते बंद. परत येऊन पाहते तो काकूंनी कोऱ्या लेटरहेडवर सगळे आकडे हाताने उतरवले होते, तात्यांनी ते मोठ्याने वाचून ताडून पाहिले होते आणि मॅडम सही करत होत्या. आजोबा म्हणाले, “अक्षर सुंदर आहे हो, हेच द्या नेहमी.”

त्यांची वेळ चुकली नाही. यात माझा काहीही वाटा नव्हता. मशीन बावीस सेकंदांत सुरू होतं हे मला त्या वेळी कुणालाच सांगावंसं वाटलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं. क्रमाने लिहिते.

सकाळी काकूंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. आखलेला, तीन रकाने. मॅडम आल्या किती वाजता, प्रिंटर थांबला किती वाजता, सुरू झाला किती वाजता. सोमवार तीन तारखेला मॅडम परगावी होत्या, प्रिंटर दिवसभर चालला. काल बुधवारी मॅडम आल्या होत्या आणि तरीही प्रिंटर चालला. त्या ओळीपुढे काकूंनी लिहिलं होतं, ‘टॅब घरी विसरल्या.’

“मॅडम नाहीत गं,” काकू म्हणाल्या. “त्यांचा टॅब आहे.”

अकरा वाजता मॅडम आल्या. टॅबचा पत्ता बघितला. एक्कावन्न. प्रिंटरचाच पत्ता. एकाच दारावर दोघांची पाटी. टॅब आला की निरोप कधी इकडे कधी तिकडे जायचे, आणि टॅब दाराबाहेर पडला की प्रिंटर पुन्हा घरचा मालक.

पण राउटर शंभराच्या पुढचेच पत्ते वाटतो. मी राउटर उघडला. तिथे लिहिलं होतं, पन्नासपासून दीडशेपर्यंत. यादी काढून बघितली. कलम छत्तीस, टिक. माझ्याच पेनाने.

ते काम मी केलंच नव्हतं. टिक केली होती.

मर्यादा बदलली, टॅब पुन्हा जोडला, त्याला एकशे चार मिळाला. दोन मिनिटं लागली, त्या दिवशी लागली असती तितकीच. प्रिंटरने साचलेले रिपोर्ट काढले. सगळे बघत होते. तात्यांनी विचारलं, काय होतं? मी म्हणाले, जाळ्यातला दोष होता, काढला. यातला एकही शब्द खोटा नाही. दोष जाळ्यातच होता. कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांनीही विचारलं नाही.

बुधवार, १२ मार्च

सहा दिवस प्रिंटर अखंड चालू. मॅडम टॅब घेऊन येतात, जातात. सगळं हवं तसं आहे.

आज ताटावर आईने विचारलं, काय बिघडलंय. काही नाही, सगळं दुरुस्त झालंय, म्हटलं. ती म्हणाली, “मशीनचं नाही विचारत. तीन दिवस बघतेय, भात चिवडून उठतेस.” मी तिला मोजून एक घास जास्त खाऊन दाखवला.

हे विंडोजवरही झालं असतं, अगदी असंच. पत्ते वाटणाऱ्याला मशीनवर काय बसवलंय याचं काही देणंघेणं नसतं. हे वाक्य मला मोठ्याने म्हणता येत नाही, कारण त्याच्या पुढचं वाक्य मग म्हणावं लागेल.

शनिवार, १५ मार्च

दुपारी दोन वाजता, शेवटचा पेशंट गेल्यावर, मॅडमनी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. मॅडम, तात्या, काकू, रक्त घेणाऱ्या दोघी आणि मी. सूक्ष्मदर्शकांवर झाकणं घातलेली होती.

मॅडम सरळ मुद्द्यावर आल्या. मशीनं वेगाने चालतात, मध्येच अडत नाहीत, व्हायरस नाही, हे सगळं त्यांनी मान्य केलं. पण ते दहा दिवस त्यांना विसरता येत नव्हते. ऑपरेशनला निघालेला माणूस आणि हाताने लिहिलेला रिपोर्ट. जावई म्हणाला होता की हे परत होणार. लिनक्सची खोडच ती असेल तर त्यांना पेशंटच्या जिवाशी खेळ नको होता. नाईलाज आहे, कंपनीला सोमवारी हो म्हणून कळवते, असं त्यांनी माझ्याकडे, फक्त माझ्याकडे बघत, अगदी सौम्यपणे सांगितलं.

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प राहिले असते तर लिनक्स नालायक ठरून गेलं असतं आणि मी, एक हुशार मुलगी जिचं नशीब आड आलं, म्हणून गेले असते. बोलले तर लिनक्स कदाचित वाचेल. पण मग मला ठेवायचं कारण काय, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

सहा आठवडे ज्याचा मी अभिमान बाळगला ते काम चांगलं होतं. त्याला खोटा बट्टा लागताना मला बघवेना.

मी उभी राहिले. म्हणाले, “प्रिंटरचा दोष लिनक्सचा नव्हता. माझा होता. मी एकच नंबर दोन नमुन्यांना दिला.”

का कोण जाणे, लॅबचेच शब्द आले. रक्ताच्या दोन बाटल्यांवर एक नंबर म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग मी उरलेलं सांगितलं. राउटर, शंभराची मर्यादा, न केलेलं काम, केलेली टिक. आणि हे की कारण मी शोधलं नाही, काकूंनी शोधलं. सहा तारखेलाच मला सगळं कळलं होतं आणि मी नऊ दिवस गप्प होते, हेही सांगितलं, कारण ते सांगितलं नसतं तर बाकीच्याला अर्थ नव्हता.

तात्या उठले, कपाटातून एक जाड लाल रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. मी ते लांबून पाहिलं होतं. चुकांचं रजिस्टर. लॅबमध्ये नमुन्याची चूक झाली की ज्याची त्याने ती स्वतःच्या हाताने त्यात लिहायची असा इथला नियम आहे. लपवली तर घरी, लिहिली तर काम चालू. कॉम्प्युटरवाल्यांना ते कधी कुणी दिलेलं नव्हतं. आमच्या चुकांना इथे कुणी चूक म्हणतच नसे, ‘मशीन बिघडलं’ म्हणत.

“बावीस वर्षांत माझी तीन आहेत यात,” तात्या म्हणाले. “मॅडमची एक. बस, लिही. अक्षर नीट काढ, नंतर पोरं वाचतात.”

मी लिहिलं. तारीख, काय घडलं, कुणाच्या हातून, कसं लक्षात आलं, यापुढे काय करणार. सरळ, सहा ओळी. शेवटचा रकाना ‘तपासणारा’. इथे कुठलाही रिपोर्ट एकाच्या भरवशावर बाहेर जात नाही, दुसऱ्याची सही लागते.

मी पेन खाली ठेवलं. माझं काम तपासू शकेल असं लॅबमध्ये कुणी नाही, असं मी मॅडमना सांगितलं.

“मग तू एक दिवस आली नाहीस तर?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी सहा आठवडे धरून ठेवला होता असं मला वाटलं.

तात्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, तुझ्याकडे विचारायला येतं कोण? तुझं उत्तर बरोबर असतं, पण ते ऐकून माणसाला आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. महिनाभर आम्ही सगळे काकूंना विचारतोय. प्रिंट कशी थांबवायची, फोल्डर दिसेना तर काय, सगळं. वहीच आहे त्यांच्याकडे.”

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, “मी आपलं तू सांगितलेलंच सांगते. माझं काय आहे त्यात.”

प्रश्नांची संख्या एकोणतीसवरून शून्यावर आली होती. तो आलेख मी काढून, छापून, आज मॅडमना द्यायला बरोबर आणला होता. तो बॅगेतच राहू दिला.

मी रजिस्टर काकूंकडे सरकवलं. काकूंनी चष्मा लावला, माझ्या सहा ओळी पहिल्यापासून वाचल्या, एका ठिकाणी थांबून ‘एकशे चार’ हा आकडा टॅब उघडून ताडून पाहिला आणि मग सही केली. पूर्ण नावाने. खाली मॅडमनी केली.

मग मॅडमनी त्याच खोलीतून जावयाला फोन लावला आणि सांगितलं की लॅबला सध्या गरज नाही. तो काही बोलत होता. त्या म्हणाल्या, “नाही, पत्रिका जुळली.”

जागेचं काय, ते मी विचारलं नाही. निघताना मॅडम म्हणाल्या की नववं मशीन जन्मभर विंडोजवर ठेवणार आहेस का, ते रक्तपेशींचं यंत्र बनवणाऱ्यांना पत्र लिही, माझ्या सहीने पाठवू, उत्तर यायला वर्ष लागेल. वर्ष म्हणाल्या. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

सोमवार, १७ मार्च

काकूंना आठही मशीनांचे पूर्ण अधिकार दिले. पासवर्ड त्यांनीच टाइप केला. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. दोनदा टाइप करताना दुसऱ्यांदा त्या हसल्या. काय आहे तो, मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

सकाळी सातला दार उघडलं तेव्हा रांग होती आणि आठही मशीनं चालू होती, असं तात्यांनी सांगितलं. मी तिथे नव्हते. आईबरोबर चहा घेत बसले होते, सव्वासातला पोचले. काकूंनी मान वर न करता हाताने सांगितलं, चालू आहे सगळं, जा तू आत.